कवालाला नेलेली तसबीर

१

टॉवेल होता, टॉवेलाची घडी जशीच्या तशी होती, घडीच्या आत तसबीर नव्हती.

वेलीका आजीने टॉवेल झटकला, उलटा करून झटकला, मग पिशवीच सीटवर उपडी केली. चष्म्याची डबी पडली, रक्तदाबाच्या गोळ्या पडल्या, रुमालात बांधलेला, चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा पडला.

"गेला," आजी म्हणाली. "माझा निकोलास गेला."

ग्रीसमधल्या कवालाच्या बंदरावर बस नुकतीच येऊन उभी राहिली होती. बल्गेरियातल्या हास्कोवोहून पहाटे निघालेली ही एका दिवसाची सहल आता एक देऊळ करून परतीला लागणार होती. लोक ऑलिव्हच्या तेलाचे डबे आणि पिठीसाखरेत लोळवलेल्या बदामी बिस्किटांची खोकी सांभाळत चढत होते. समुद्र पाहायला म्हणून आलेल्या या मंडळींनी समुद्राकडे पाठ करून दिवसभर खरेदी केली होती, आणि आता सगळ्यांच्या मांडीवर एकेक खोकं तान्ह्या बाळासारखं आडवं निजवलेलं होतं.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी तेओफाना राशेवा बसल्या होत्या. हास्कोवोच्या कोर्टात उभा जन्म फौजदारी खटले चालवलेल्या निवृत्त न्यायाधीश. ही सहल सुनेने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या गळ्यात मारली होती. भेट नेमकी कुणाला होती, हे राशेवाबाईंना पक्कं ठाऊक होतं. एक दिवस घर मोकळं मिळालं म्हणून सून आत्ता पाय पसरून बसली असेल. सकाळपासून त्यांनी या बसमधल्या एकेका माणसाकडे नीट बघितलं होतं आणि प्रत्येकाबद्दलचं त्यांचं मत आणखी खाली घसरलं होतं.

पण वेलीका आजीचा आवाज ऐकून त्या उठल्या.

संत निकोलासची ती तसबीर तळहाताहून थोडी मोठी होती. लाकडी फळीवरचं चित्र, वरून चांदीचा पत्रा. आजीच्या आजीने ती युद्धात कवाला सोडून पळताना एप्रनमध्ये गुंडाळून नेली होती आणि मरताना म्हणाली होती, ज्या देवळातली आहे त्या देवळात परत ठेवा. दोन पिढ्यांनी ते काम पुढे ढकललं. आता पंच्याऐंशी वर्षांची वेलीका ते करायला निघाली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सगळ्यांनी मिळून बंदराजवळच्या देवळात जायचं, असं ठरलं होतं. काल्चेव सर भाषणही करणार होते, कारण काल्चेव सर जिथे असतील तिथे भाषण असायचंच.

"सकाळी उतरताना पिशवी इथेच ठेवली होती गं," आजी म्हणाली. "ही मार्गदर्शक बाईच म्हणाली, डोंगर चढताना कशाला ओझं."

"मग बस कुणाकडे होती?" आजीची भाची योर्दांका ओरडली. "चावी कुणाकडे होती दिवसभर?"

सगळ्या माना ड्रायव्हरकडे वळल्या. बल्गेरियातल्याच कर्जालीकडचा तुर्क, पन्नाशी ओलांडलेला, दिवसभरात दहा शब्दही न बोललेला. काल्चेव सर मधल्या वाटेत उभे राहिले. इतिहासाचे निवृत्त मुख्याध्यापक, थ्रेस वारसा मंडळाचे अध्यक्ष. डाव्या काखेत बिस्किटांचं खोकं पुस्तकासारखं दाबून त्यांनी उजवा हात ड्रायव्हरवर रोखला. बाही मागे सरकली, मनगटावर नुसतं घड्याळ चमकलं.

"मित्रांनो," ते म्हणाले, "मला कुणावर आरोप करायचा नाही. पण इथे आपण सगळे एका धर्माची, एका संस्कारांची माणसं आहोत. एकच माणूस सोडून."

२

मार्गदर्शक क्रेमेना हिचा मायक्रोफोनशिवाय कोणावरही विश्वास नव्हता. सकाळी तिने जलवाहिनीच्या कमानी ज्या राजाने बांधल्या म्हणून सांगितलं, तो राजा राशेवाबाईंच्या माहितीप्रमाणे जगात झालाच नव्हता. आता तिने बसच्या मालकाला फोन लावला आणि तोही मायक्रोफोनजवळ धरला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"सालीह?" मालक फोनवर गरजला. "त्याला म्हणावं, चावी मार्गदर्शक बाईंकडे दे आणि खाली उतर. आजपासून त्याचा आणि माझा संबंध संपला. दुसरा ड्रायव्हर पाठवतो, तीन तासांत येईल. आणि हास्कोवोला पोहोचलात की त्या हरामखोराला पोलिसांच्या ताब्यात द्या."

कुणी टाळी वाजवली नाही एवढंच.

सालीहने चावी काढून क्रेमेनाच्या हातावर ठेवली. "मॅडम, मी घेतली नाही," तो म्हणाला. "घरी नात आहे माझ्याकडे. तिची आई जर्मनीत. ही नोकरी गेली आणि वर चोरीचा शिक्का बसला, तर पोरीला शाळेत काय तोंड राहील?"

"ते आधी सुचायला हवं होतं," योर्दांका फिस्कारली.

"इथल्या पोलिसांना का बोलावत नाही?" राशेवाबाईंनी विचारलं. "चोरी इथे झाली. ठाणं समोर दिसतंय."

"छे, छे!" काल्चेव घाईघाईने म्हणाले. "ग्रीक पोलीस म्हणजे सगळ्यांच्या बॅगा उघडणार, रात्र इथेच जाणार. आपल्या घरचं भांडण आपल्या घरी. झडती घ्यायचीच तर त्याची घ्या."

सालीहच्या कोटाचे खिसे क्रेमेनानेच उलटे केले. जपमाळ निघाली, सिगारेटी निघाल्या. ड्रायव्हरच्या सीटमागचा कप्पाही पाहून झाला. काही सापडलं नाही, म्हणजे त्याने ती आधीच विकली, असा निकाल त्या बसने लावून टाकला. राशेवाबाईंनी आयुष्यात आळशी पोलीस पाहिले होते, मूर्ख वकील पाहिले होते, पण एवढ्या कमी पुराव्यावर एवढे खूश झालेले लोक पाहिले नव्हते.

"तीन तास आहेत ना?" त्या म्हणाल्या. "मग मी जरा चौकशी करते."

"तुम्हाला काय अधिकार?" क्रेमेनाने विचारलं.

"काहीच नाही. तुम्हाला तरी त्यांचे खिसे उलटे करायचा कुठे होता?"

३

चौकशीला बसण्याआधी त्यांनी सकाळ एकदा मनातून फिरवून पाहिली.

हास्कोवो सोडताना अंधार होता. मार्चचे पहिले दिवस, म्हणजे मार्तेनित्सांचे दिवस. वेलीका आजी टोपली घेऊन मधल्या वाटेने लडखडत गेली आणि एकेकाच्या मनगटाला तिने स्वतःच्या हाताने लाल-पांढरा दोरा बांधला. तिच्या मार्तेनित्सेत एक तपकिरी धागा होता, तिच्या काळपट मेंढीच्या लोकरीचा. तसा धागा दुसऱ्या कुणाच्या मार्तेनित्सेत सापडणार नाही, असं ती अभिमानाने सांगत होती. पहिलं फुललेलं झाड दिसलं की दोरा सोडून फांदीला बांधायचा आणि मनात एक गोष्ट मागायची. राशेवाबाईंच्या कोर्टात मार्च महिन्यात आरोपीच्या हाताला बेडीच्या वर हा दोरा असायचा आणि सरकारी वकिलाच्याही असायचा. दोघं काय मागत असतील, ते त्यांना कधी विचारावं लागलं नाही.

काल्चेव सरांनी घड्याळाशेजारी दोरा बांधून घेतला आणि मायक्रोफोनवर त्या प्रथेचं प्राचीनत्व समजावून सांगितलं. पुरतं समजावलं. बस घाटात शिरेपर्यंत समजावलं.

पण यंदा थंडी हटत नव्हती. घाटात बर्फ, खाली उतरल्यावर दाट धुकं, कवालाला समुद्रावरून बोचरा वारा. सीमेवर ड्रायव्हर कागद घेऊन गेला होता, बायका बाहेर कुडकुडत होत्या, तेव्हा काल्चेव सरांनी मोठ्या रुबाबात पुढच्या दाराशेजारचं छोटं झाकण उघडून आतलं बटण दाबलं आणि दार उघडून दिलं. "तीस वर्षं सहली नेतोय," ते म्हणाले होते, "बसची कुठलीही कळ मला पाठ."

म्हणजे चावी नसलेल्यालाही बस उघडता येत होती. आणि ते अख्ख्या बसने पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि बस ते सोयीस्करपणे विसरली होती.

कवालाला सगळे बंदरावरच उतरले आणि सालीह बस घेऊन कुठेतरी मागे उभी करायला गेला. बस दिवसभर कुठे होती, हे त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. निदान तसं सगळे म्हणत होते.

राशेवाबाईंनी बंदरावरच्या कॅफेत एक टेबल धरलं आणि पहिली योर्दांकाला बोलावली.

"मी कशाला चोरू माझ्याच मावशीचं?" योर्दांका बसायच्या आधीच सुरू झाली.

"तुम्ही चोरलं असं मी कुठे म्हटलं? गेल्या महिन्यात तसबिरीची किंमत काढायला कुणाकडे गेला होता?"

योर्दांका खुर्चीत धपकन बसली. तिला कोण सांगणार की सकाळी मागच्या सीटवर ती हेच गाऱ्हाणं तासभर गात होती आणि पुढच्या सीटवर माणसं बसतात.

"मग काय चुकलं?" ती शेवटी म्हणाली. "घराचं छप्पर गळतंय. आणि ही बया चांदी नेऊन ग्रीक पाद्र्याच्या हातात देणार! पण मी नाही हो घेतली. मी तर दिवसभर फुललेलं झाड शोधत होते. मला मागायचं होतं ना. अख्खा किल्ला पालथा घातला, टाचेला फोड आला. संत्र्यांची झाडं सापडली, पण संत्र्यांनी काय होतंय? फूल हवं. एक कळी उमललेली नाही या भिकार गावात." तिने हात पुढे केला. लाल-पांढरा-तपकिरी दोरा जागेवर होता.

"काय मागणार होतात?"

"छप्पर," योर्दांका म्हणाली, आणि तेवढं एक तिने खरं सांगितलं असावं.

क्रेमेना दुपारचा एक तास कुठे होती, हे सांगायला तयार नव्हती. राशेवाबाईंनीच सांगितलं. बिस्किटवाल्याच्या मागच्या खोलीत, कॉफी पीत. सगळी बस त्याच एका दुकानात का घुसवली आणि उरलेल्या दुकानांची बिस्किटं 'शिळी' का होती, तेही सांगितलं.

"ते सगळेच मार्गदर्शक करतात," क्रेमेना लाल होऊन म्हणाली. "दुकानदाराला विचारा, मी तिथून हलले नाही."

"विचारलंय मघाशीच. तुम्ही हलला नाहीत. तुमचं पाप फक्त बिस्किटांपुरतं आहे."

मग काल्चेव सर आले. खोकं काखेतच होतं.

"मी बंदरावरच्या खानावळीच्या व्हरांड्यात बसून तळलेले मासे खाल्ले," ते म्हणाले. "गुडघा दुखतो माझा. डोंगरावर गेलो नाही."

"आणि मासे खाल्ल्यावर? पाय मोकळे करायला मागच्या गल्लीत वगैरे?"

"बंदर सोडून एक पाऊल नाही. राशेवाबाई, तुम्ही त्या माणसाला का पाठीशी घालताय? तुमचं शिक्षण, तुमचं पद..."

"माझं पद गेलं. शिक्षण अजून थोडं शिल्लक आहे. तुम्हाला कुठे फुललेलं झाड दिसलं का हो? योर्दांका बिचारी शोधून थकली."

"या गारठ्यात?" काल्चेव हसले. "घरी जाऊन शोधा म्हणावं."

राशेवाबाई उठल्या. सालीह लांब धक्क्याच्या कठड्यावर एकटाच बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा मोकळी होती, आणि तेवढ्या जागेत कुणीही येत नव्हतं.

"चला," त्या त्याला म्हणाल्या. "बस कुठे उभी केली होती ते दाखवा."

४

तंबाखूच्या जुन्या कोठारांच्या मागे एक ओसाड पटांगण होतं. बंदरापासून सपाट रस्ता, दुखऱ्या गुडघ्यालाही झेपेल एवढा. एका बाजूला बेकरीची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला पडकी कोठारं.

"इथे लावली होती," सालीह म्हणाला. "दार बंद केलं आणि त्या कोपऱ्यापलीकडे सूप प्यायला गेलो. नंतर खुर्चीतच डोळा लागला, बाई. खोटं कशाला सांगू. रात्री तीनला उठलोय."

"तिथून बस दिसते?"

"नाही दिसत."

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं?" सालीह म्हणाला.

राशेवाबाई पटांगणात फिरू लागल्या. बेकरीची भिंत आतल्या भट्टीमुळे ऊबदार होती. त्यांनी हात लावून पाहिला. आणि त्या भिंतीला टेकून, वाऱ्याच्या आड, एक बदामाचं झाड उभं होतं. डोंगरावर, किल्ल्यावर, रस्त्याकाठी सगळी झाडं कळ्या मिटून बसली होती. हे एकटंच फसलं होतं आणि नखशिखांत फुललं होतं.

खालच्याच फांदीला एक दोरा बांधलेला होता. लाल, पांढरा, आणि मधून एक तपकिरी धागा.

राशेवाबाई चष्मा पुसून पुन्हा पाहू लागल्या. मग त्यांनी सालीहचे हात पाहिले. दोन्ही मनगटं मोकळी होती.

"आजीने तुम्हाला मार्तेनित्सा दिली होती?"

"मला कशी देणार? मी गाडी चालवत होतो."

"निघण्याआधी देता आली असती. सीमेवर देता आली असती."

सालीह खांदे उडवून म्हणाला, "नाही सुचलं कुणाला. चालायचंच."

नाही सुचलं. राशेवाबाईंनी ते मनात घोळवलं आणि त्यांना सगळ्या बसची, त्यात स्वतःचीही, किळस आली. त्याही तिसऱ्या रांगेत हात पुढे करून बसल्या होत्या आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. पण त्या न सुचण्यानेच आता हा माणूस सुटणार होता. हा दोरा ज्याने बांधला तो बसमधला प्रवासी होता, इथे आला होता, आणि इथे आलोच नाही म्हणत होता.

"सोडून घेऊ का तो?" सालीहने हात वर केला.

"हात लावू नका," राशेवाबाई म्हणाल्या. "कुणाच्या तरी मनातलं मागणं आहे ते. आपण सगळ्यांना इथे बोलावू."

"ते कशाला येतील, बाई? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी? शक्यच नाही," राशेवाबाई म्हणाल्या. "पण आणीन मी त्यांना."

५

बंदरावर येऊन राशेवाबाईंनी एवढंच जाहीर केलं की मागे एक बदाम फुललाय.

सत्य शोधायला चला म्हटलं असतं तर एकही जण सीटवरून हलला नसता. फुललेल्या बदामाचं नाव काढताच सगळी बस रिकामी झाली. तेलाचे डबे, खोकी, गुडघे, टाचेचे फोड, सगळं घेऊन ही वरात कोठारांमागे निघाली. तासाभरापूर्वी एका माणसाचा संसार मोडून बसलेले लोक आता लगबगीने आपापलं मागणं मागायला निघाले होते. "आमच्या नातवाला नोकरी मागते," कुणी म्हणालं. "मी कंबर," दुसरी म्हणाली. योर्दांका लंगडत सगळ्यांच्या पुढे होती.

काल्चेव सर आधी आलेच नाहीत. मग एकटं बसून राहणं बरं दिसणार नाही असं त्यांना वाटलं असावं. ते मागून आले, सावकाश.

झाडाखाली एकच झुंबड उडाली. दातांनी गाठी सोडवल्या जात होत्या, एकमेकींचे दोरे सोडून दिले जात होते. क्रेमेनाने मायक्रोफोन नसतानाही मोठ्याने मागणं मागितलं. वेलीका आजीने आपली मार्तेनित्सा बांधली आणि ती रडत झाडाला टेकून राहिली. तिने काय मागितलं ते न सांगताच कळत होतं.

"सगळ्यांचं झालं?" राशेवाबाईंनी विचारलं. "काल्चेव सर, तुम्ही राहिलात."

"मी या अंधश्रद्धा मानत नाही," काल्चेव म्हणाले.

"सकाळी तर याच्यावर घाटात शिरेपर्यंत बोलत होतात."

"तो इतिहास झाला. मानणं वेगळं."

"बरं. पण मग दोरा कुठाय? दाखवा ना हात."

काल्चेवांनी बाही खाली ओढली. "तुटला. मासे खाऊन हात धुताना. पडला असेल तिथेच."

"आजी," राशेवाबाई म्हणाल्या, "तुमची गाठ हात धुताना सुटते?"

वेलीका आजीने डोळे पुसले. "माझी गाठ? मी मेंढरं बांधते त्या गाठीने, पोरी. दातांशिवाय सुटत नाही आणि तुटायची तर बातच नको."

"मग ही खालच्या फांदीवरची बघा. आपण सगळे येण्याआधीपासून इथे आहे. सालीह साक्षीला आहेत."

आजीने दोरा बोटांत धरला, तपकिरी धाग्यावरून अंगठा फिरवला. "माझी आहे," ती म्हणाली. मग तिने मान वर करून काल्चेवांकडे पाहिलं. "सर, तुम्ही?"

६

"सालीहने बांधली असेल," काल्चेव म्हणाले. त्यांचा आवाज भाषणाचा राहिला नव्हता.

"सालीहला दिलीच नव्हती," राशेवाबाई म्हणाल्या. "दिली होती का, आजी?"

वेलीका आजीचा चेहरा पडला. "नाही दिली," ती हळूच म्हणाली. "टोपलीत उरल्या होत्या. तरी नाही दिली."

कुणीतरी खोकलं. बरेच जण झाडाकडे बघू लागले.

"आता ऐका," राशेवाबाई म्हणाल्या. "दाराचं बटण कुठे असतं ते सरांना पाठ आहे, सकाळी सगळ्यांनी पाहिलंत. बसची जागा शोधायला त्यांना फार चालावं लागलं नाही. सालीह सूप प्यायला गेले, सर आत शिरले, टॉवेलातली तसबीर काढून घडी पुन्हा तशीच घातली. तसबीर हातात घेऊन खाली उतरले आणि समोर वर्षातलं पहिलं फुललेलं झाड. शहाणा चोर निघून गेला असता. पण आपल्यातला कुठलाही माणूस त्या झाडासमोरून दोरा न बांधता जाऊ शकत नाही. आत्ता तुम्ही सगळे कसे धावत आलात ते मी पाहिलं. सरांनी दातांनी गाठ सोडवली, फांदीला बांधली आणि मागणं मागितलं. चोरी पचू दे, असंच मागितलं असणार."

"हे सगळे तर्क आहेत!"

"मग खोकं द्या इकडे. बिस्किटांचं खोकं सगळ्यांनी आडवं धरलंय, तुम्ही बंदरापासून काखेत उभं दाबून फिरताय. आत बिस्किटं असती तर एव्हाना त्यांचं पीठ झालं असतं आणि तुमचा काळा कोट पांढरा झाला असता. त्यावर साखरेचा कणही नाही."

काल्चेव हलले नाहीत. मग सगळ्यांत अनपेक्षित माणूस पुढे झाला. योर्दांकाने त्यांच्या काखेतून खोकं हिसकलं, दोरी तोडली आणि झाकण फेकून दिलं. आत कागदात गुंडाळलेला संत निकोलास होता.

वेलीका आजीने तो छातीशी धरला आणि जमिनीवरच बसली.

"मी चोरलेली नाही!" काल्चेव ओरडले. "मी वाचवत होतो! ती ग्रीकांच्या देवळात काळी पडली असती. मंडळाच्या संग्रहालयात ठेवणार होतो. राष्ट्रासाठी!"

"पाटीवर नाव कुणाचं लागणार होतं?" राशेवाबाईंनी विचारलं. "आणि राष्ट्रासाठी या माणसाला तुरुंगात घालणार होतात? हास्कोवोला तक्रार मी स्वतः लिहिणार आहे."

आणि मग जे झालं त्याचं राशेवाबाईंना खरं तर नवल वाटायला नको होतं. "जाऊ द्या ना," कंबरवाली म्हणाली. "मिळाली ना आता." "सरांसारखा माणूस, झाली चूक." "वयात होतो असा गोंधळ." "कोर्टकचेरी कशाला, आपलीच माणसं." मघाशी पोलीस पोलीस म्हणून नाचणारी तोंडं आता क्षमेने ओथंबत होती. सालीहची क्षमा मात्र कुणी मागितली नाही. एकटी वेलीका आजी उठली, तसबीर काखेत घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मला माफ कर."

"तुम्ही देवळात जाऊन या, आजी," सालीह म्हणाला. "अंधार होईल."

राशेवाबाई आणि योर्दांका आजीला घेऊन देवळात गेल्या. पाद्र्याने तसबीर हातात घेतली, पालथी करून मागची अक्षरं वाचली आणि आजीच्या हाताचं चुंबन घेतलं. कुणाचंही भाषण झालं नाही. योर्दांकाने छपराचा विषय काढला नाही, आणि राशेवाबाईंनी त्याबद्दल तिच्या नावावर थोडं काही जमा केलं.

परत आल्या तेव्हा बसमध्ये सगळे गारठून बसले होते. काल्चेव शेवटच्या रांगेत एकटे होते. सालीह पुढच्या प्रवाशांच्या सीटवर, हाताची घडी घालून. क्रेमेना त्याच्यापुढे चावी नाचवत होती.

"सालीह, झालं गेलं विसरा ना. घ्या चावी, निघूया. निदान इंजिन तरी सुरू करा, हीटर चालेल."

"मला चावीला हात लावायला बंदी आहे, मॅडम. तुम्हीच ऐकवलंत सगळ्यांना."

क्रेमेनाने मालकाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन सालीहपुढे धरला. मालकाचा आवाज आता लोण्यासारखा मऊ होता. "अरे सालीह, गैरसमज झाला बाबा. बस, गाडी काढ. तुझी नोकरी तुझीच आहे."

"साहेब," सालीह शांतपणे म्हणाला, "मला काढताना सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा काढलंत. परत घ्यायचं ते उद्या डेपोत, सगळ्यांसमोर, तेवढ्याच मोठ्यांदा घ्या. मी सकाळी येतो. आज मी चालवणार नाही."

मग मालक म्हणाला, "बरं. उद्या."

बसमध्ये गलका उठला. "म्हणजे आम्ही इथे कुडकुडत बसायचं?" "अजून तासभर?" "काय हा उद्धटपणा!" क्रेमेनाने कपाळाला हात लावला. "अहो, तो दुसरा ड्रायव्हर कोण, कसा, आम्हाला काय माहीत?"

सालीह पहिल्यांदाच मागे वळला आणि त्याने सगळ्या रांगांवरून नजर फिरवली.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "वळणावरही हळू चालवतो. काळजी करू नका. हसन. माझा सख्खा धाकटा भाऊ."

हातातली खोकी लोकांनी जरा घट्ट धरली. आणि तेओफाना राशेवा, ज्या पहाटेपासून एकदाही हसल्या नव्हत्या, सालीहच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या.